मुक्कामी शिबिर बंद झाले तर स्काऊटची संघपद्धती कशी टिकणार?

सह्यकडा :

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि तिथले स्काऊट पथक सांभाळतो. यंदाही आमच्या भागातील बहुतेक पथकांचे वार्षिक शिबिर सकाळी दहाला सुरू झाले आणि सायंकाळी पाचला संपले. कागदोपत्री ते शिबिरच असते. प्रत्यक्षात ध्वजवंदन, प्रार्थना, पाहुण्यांची भाषणे, संचलन, डब्यातले जेवण, दोन खेळ आणि शेवटी सामूहिक छायाचित्र, एवढ्यावर दिवस मावळतो. तंबू एखाददुसराच असतो आणि तोही पाहुणे येण्यापूर्वी शिक्षकांनी उभारून ठेवलेला असतो. मला इथे एवढीच चर्चा हवी आहे, की मुक्काम गेला तर त्याबरोबर नेमके काय जाते, आणि तो परत आणायचा झाल्यास आजच्या परिस्थितीत काय करावे लागेल.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मुक्काम गेला की संघपद्धती, म्हणजे छोट्या संघांनी आपल्यातल्याच नायकाच्या हाताखाली काम करण्याची पद्धत जाते, आणि संघपद्धती गेली की उरते ती गणवेशातली कवायत. १९०७च्या ऑगस्टमध्ये स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांना नेले, तेव्हा त्यांची लांडगे, बैल, कुर्लू आणि डोमकावळे अशा चार संघांत विभागणी करून प्रत्येक संघाचा कारभार त्यातल्याच एका मुलाच्या हाती दिला. त्यात उच्चभ्रू निवासी शाळांतली मुले होती आणि कामगार वस्तीतलीही होती. ही मुले एकत्र झोपली, एकत्र जेवली, म्हणून तो प्रयोग सिद्ध झाला. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटे भेटून तो सिद्ध झाला नसता. आमच्या तासिकेत संघ म्हणजे केवळ एक रांग असते आणि संघनायक म्हणजे त्या रांगेतला पहिला मुलगा. त्याच्यावर सोपवायला आमच्याकडे हजेरीपलीकडे काही नसते.

आमच्या शेवटच्या मुक्कामी शिबिरात ‘गरुड’ संघाने चूल वाऱ्याच्या तोंडावर मांडली होती. मी ते आदल्या संध्याकाळीच पाहिले होते, पण मुद्दाम बोललो नाही. सकाळी सहा मुले धुराने डोळे चोळत चुलीभोवती बसली होती आणि शेजारच्या संघाचे पोहे खाऊनही झाले होते. आठवीतल्या संघनायकाने अखेर चूल मोडली, मूठभर धूळ उडवून वारा कुठून येतो ते पाहिले, तिथे आडोशाला दगड रचले आणि दोघांना सुकी काटकी आणायला पिटाळले. त्या संघाने दुपारचे जेवण सर्वांच्या आधी वाढले. पुढे वर्षभर त्या मुलाला ‘संघनायक’ म्हणून कोणाला ओळख करून द्यावी लागली नाही.

मुक्काम बंद का झाला, याची कारणेही उघड आहेत. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले आणि त्यानंतर शालेय सहलींवर कडक अटी आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराची घटना उघडकीला आली आणि मुलाला रात्रभर शाळेच्या ताब्यात देण्याच्या कल्पनेनेच पालकांच्या पोटात गोळा येऊ लागला. त्यात त्यांना दोष देता येणार नाही. शिवाय निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि रोजची ऑनलाइन माहिती भरून झाल्यावर स्काऊट मास्तरकडे अंगात त्राण किती उरते, हा प्रश्न आहेच. हे सगळे मान्य करूनही मार्ग निघतो का, याबद्दल स्काऊटर, गाईडर (स्काऊट आणि गाईड पथके चालवणारे), पालक अशा सर्वांनी लिहावे.


एक पालक :

माझी मुलगी सातवीत आहे आणि गाईडमध्ये आहे. शिबिराला माझा विरोध नाही, हे प्रथम नोंदवते. गेल्या वर्षी एका रात्रीच्या शिबिराचे संमतिपत्र घरी आले होते. त्यात शिबिराचे ठिकाण एका ओळीत होते आणि ‘काही बरेवाईट घडल्यास त्याची जबाबदारी शाळेवर राहणार नाही’ हे वाक्य मात्र ठळक अक्षरांत होते. मुली कुठे झोपणार, त्यांच्याजवळ कोणत्या शिक्षिका असणार, रात्री स्वच्छतागृहात जायचे झाल्यास सोबत कोण असेल, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, यातले काहीही लिहिलेले नव्हते. मी सही केली नाही. सर, तुमच्या लेखात चुलीचा प्रसंग वाचून मला आनंद झाला. परंतु तुम्ही न बोलता लक्ष ठेवून होता, हे मला तो लेख वाचल्यामुळे कळले. संमतिपत्रावरून ते कळत नाही.


निवृत्त मुख्याध्यापक :

त्या ठळक वाक्याबद्दल थोडे लिहितो, कारण अशा कागदांवर मी अनेक वर्षे सह्या केल्या आहेत. त्या वाक्याने शाळेची जबाबदारी टळत नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापकाला ठाऊक असते. तरीही ते घातले जाते, कारण अपघात घडला की पहिली चौकशी परवानगी देणाऱ्याची होते आणि शिबिर नाकारल्याबद्दल मात्र आजवर कोणाला नोटीस आलेली नाही. सगळे पारडे ‘नाही’ म्हणण्याकडेच झुकलेले असेल तर माणूस ‘नाही’च म्हणतो.

माझी सूचना एवढीच आहे, की पहिला मुक्काम शाळेच्याच मैदानावर करावा. कुंपण आहे, पाणी आहे, वीज आहे, स्वच्छतागृहे आहेत आणि पालकांना रात्री नऊ वाजता येऊन डोळ्यांनी पाहून जाता येते. अशी एक रात्र निर्वेध पार पडली की पुढच्या वर्षी गावाबाहेरच्या माळावर जाण्याची परवानगी मागताना स्काऊट मास्तरच्या हाती काहीतरी असते. थेट किल्ल्यावर जाण्याचा प्रस्ताव आणला तर तो फेटाळला जाणार, हे आणणाऱ्यालाही कळत असते.


लोहमार्ग :

मी मध्य रेल्वेत नोकरीला आहे. शाळेत असताना राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोहोचलो आणि पुढे रोव्हर, म्हणजे स्काऊटच्या तरुण गटाचा सदस्य झालो, म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो. सह्यकडा सरांनी सांगितलेल्या कारणांत एक कारण राहून गेले आहे आणि मला तेच सर्वांत मोठे वाटते. मुक्कामाशिवायही प्रमाणपत्र मिळते, म्हणून मुक्काम गेला.

प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि मग राष्ट्रपती पुरस्कार, ही चढण मुळात काही वर्षांची आहे. खालच्या पायऱ्यांची तपासणी पथकातच, सवडीने आणि कामातून व्हावी अशी अपेक्षा असते. आज अनेक ठिकाणी वर्षाअखेरीस एका सभागृहात शंभर-दीडशे मुलांना बसवून तोंडी परीक्षा उरकली जाते. हातभर दोरीवर मुलगा क्लोव्ह हिचची गाठ मारून दाखवतो, शीट बेंडची गाठ मारून दाखवतो आणि पुढे सरकतो. त्याच मुलाला दोन काठ्या देऊन ‘भांडी ठेवायला मांडणी बांध’ म्हटले, तर क्लोव्ह हिचने सुरुवात करून बांधणी आवळत न्यायची असते हे त्याला ठाऊक नसते, कारण त्याच्या दृष्टीने ती गाठ टेबलावरची आहे. नोंदवह्यांची गोष्ट तर काढायलाच नको. मी अशा वह्या पाहिल्या आहेत, ज्यांत तीन मुलांची सहल एकाच दिवशी, एकाच वळणदार अक्षरात आणि एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह झाली होती.

यामागे गुणांचा आणि नोकरीचा हिशेब आहे, हे स्पष्ट बोलावे. दहावीला सवलतीचे गुण मिळतात आणि रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. मी स्वतः त्यांचा लाभार्थी आहे. रेल्वेच्या भरतीत निदान नुसत्या प्रमाणपत्रावर भागत नाही, संघटनेतील काही वर्षांचा सक्रिय सहभाग आणि मेळाव्यांतील हजेरीही दाखवावी लागते. शाळेच्या पातळीवर अशी कसोटी कोणी लावत नाही. तृतीय सोपानाच्या अर्जासोबत ‘या मुलाने आपल्या संघाबरोबर रात्र काढली आहे’ असे पथकप्रमुखाचे नव्हे, तर मुक्कामात प्रत्यक्ष हजर असलेल्या बाहेरच्या स्काऊटरचे पत्र अनिवार्य केले, तर दोन वर्षांत तंबू माळ्यावरून खाली येतील.


गाईडर जुई :

लोहमार्ग दादांच्या सूचनेतली मेख अशी आहे, की मुक्काम सक्तीचा केला आणि सोयी पाहिल्या नाहीत, तर सर्वांत आधी मुली गळतील. मी गाईड कॅप्टन आहे. मुलांच्या पथकाला पाणवठा आणि माळ एवढ्यावर भागवता येते. मला शिबिराची जागा पाहायला गेले की पहिल्यांदा स्वच्छतागृहाच्या दाराची आतली कडी तपासावी लागते. पाळी सुरू असलेल्या मुलीला रात्री कोणाला उठवायचे हे आधी सांगून ठेवावे लागते, कापडी पिशव्या, कागद आणि झाकणाचा डबा यांची व्यवस्था लावावी लागते आणि हे सगळे तिच्या मैत्रिणींसमोर तिला ओशाळे न करता करावे लागते. पहिलीच पाळी शिबिरात आलेली मुलगी माझ्या पथकात होती. तिची संघनायिका तिला घेऊन माझ्या तंबूपाशी आली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या वाट्याचे पाणी भरण्याचे काम कोणी केले, याची चर्चासुद्धा झाली नाही. संघपद्धती म्हणजे काय ते मला तिथे दिसले. परंतु मी तिथे होते, दुसऱ्या गाईडर होत्या, दाराला कडी होती, म्हणून ते दिसू शकले.

सोयींकडे दुर्लक्ष झाले तर जगातली सर्वांत मोठी छावणीही कोसळते. दक्षिण कोरियातील सेमांगम येथे ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक जांबोरी, म्हणजे जगभरच्या स्काऊटांचा मेळावा भरला होता आणि सुमारे त्रेचाळीस हजार लोक जमले होते. समुद्र हटवून तयार केलेली सपाट जमीन, सावलीला झाड नाही, साचलेले पाणी, अस्वच्छ स्वच्छतागृहे आणि त्यात उष्णतेची लाट. शेकडो मुले आजारी पडली, ब्रिटन आणि अमेरिकेची पथके मुदतीपूर्वी छावणी सोडून गेली आणि शेवटी वादळाच्या इशाऱ्यामुळे सर्वांनाच बसमधून हलवावे लागले. तिथे मुलांचे काही चुकले नव्हते. निचरा आणि सावली हे मोठ्यांचे काम होते.

सह्यकडा सरांच्या चुलीबद्दलही एक सांगते. चूल चुकली तर गप्प राहणे योग्यच आहे. विहिरीच्या काठावर, गॅसच्या शेगडीशी आणि आजारी मुलीच्या बाबतीत मात्र मी पहिल्या क्षणी बोलते. कुठे गप्प राहायचे आणि कुठे नाही, हे शिबिरापूर्वी सर्व सहाय्यक शिक्षकांनी एकत्र बसून ठरवून घ्यावे लागते. नाहीतर उत्साही शिक्षक चुलीत फुंकर मारायला धावतो आणि विहिरीकडे कोणाचेच लक्ष नसते.


न्यूजर्सीकर :

मी मूळचा नागपूरचा असून सध्या अमेरिकेत राहतो. माझा मुलगा येथील स्काऊट पथकात आहे आणि मी तिथे नोंदणीकृत स्वयंसेवक आहे. येथील अनुभव तुमच्या चर्चेत कामी येईल असे वाटते, कारण या संघटनेने सुरक्षिततेचा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. पूर्वीच्या दशकांतील लैंगिक अत्याचारांचे दावे पुढे आल्यावर बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ब्याऐंशी हजारांहून अधिक लोकांनी दावे दाखल केले आणि सुमारे दोन अब्ज सेहेचाळीस कोटी डॉलरच्या भरपाईची योजना २०२३ मध्ये लागू झाली. फेब्रुवारी २०२५ पासून संघटनेचे नावही ‘स्काऊटिंग अमेरिका’ असे झाले आहे. हे दावे करणारे बहुतेक जण आता प्रौढ आहेत. त्यांना बोलायला अनेक वर्षे लागली, ही गोष्ट आकड्यांपेक्षा मला अधिक अस्वस्थ करते.

आजचे नियम थोडक्यात सांगतो. कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन नोंदणीकृत प्रौढ हजर हवेत. एक प्रौढ आणि एक मूल असे एकांतात कधीही राहायचे नाही. बोलायचे झाल्यास इतरांना दिसेल अशा जागी बोलायचे. प्रौढ आणि मुले एका तंबूत झोपत नाहीत, आणि एका तंबूतल्या दोन मुलांच्या वयातही दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. पार्श्वभूमीची तपासणी आणि बालसंरक्षणाचे प्रशिक्षण झाल्याखेरीज नोंदणी होत नाही. मुक्कामाला येणारे वडीलसुद्धा यातून सुटत नाहीत. मी पहिल्या वर्षी ‘माझाच तर मुलगा आहे’ असे म्हणून पाहिले; समोरच्या बाईंनी हसून अर्ज पुढे सरकवला.

याची किंमतही द्यावी लागली आहे. पूर्वी येथे थोरल्या मुलांचा संघ प्रौढांशिवाय पायी सहलीला जाऊ शकत असे. २०१८च्या ऑक्टोबरपासून ते बंद झाले. जुन्या स्काऊटरांना त्याची खंत वाटते आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. आमच्या पथकाने काढलेला मार्ग असा, की प्रौढांची छावणी मुलांच्या छावणीपासून दिसेल इतक्या पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर असते. आमची चूल वेगळी, आमची भांडी वेगळी. मुलांच्या चुलीपाशी जायचे असेल तर संघनायकाला विचारून जातो. त्यामुळे दोन प्रौढांचा नियमही पाळला जातो आणि करपलेली पॅनकेक त्यांची त्यांनाच खावी लागतात. पालक ताईंनी विचारलेले सर्व प्रश्न येथील कागदपत्रांत आधीच असतात. आरोग्यपत्रकात ॲलर्जी, चालू औषधे, विमा आणि आणीबाणीच्या वेळी संपर्क कोणाशी साधायचा हे भरून दिल्याशिवाय मुलाला गाडीत बसू देत नाहीत.

भारतातील पथकाला हे सगळे जसेच्या तसे लागू होणार नाही, हे मला मान्य आहे. विमा आणि पार्श्वभूमी तपासणी यांची यंत्रणाच वेगळी आहे. दोन प्रौढांचा नियम मात्र फुकट आहे.


लोहमार्ग :

फुकट नाही, दादा. ज्या शाळेत एकच प्रशिक्षित स्काऊट मास्तर आहे, तिथे दुसरा प्रौढ आणायचा कुठून? जागतिक स्काऊट संघटनेचे बालसंरक्षण धोरण येथेही सांगितले जाते, त्याचे ऑनलाइन प्रशिक्षणही आहे, परंतु शाळेच्या शिपाईमामांना रात्रीपुरते ‘दुसरे प्रौढ’ म्हणून दाखवण्याने ते धोरण पाळले जात नाही. मला यावर एकच उपाय दिसतो, तो म्हणजे रोव्हर आणि त्यांच्या जोडीच्या मुली, रेंजर. पंचविशीपर्यंतचे हे तरुण आज प्रामुख्याने गर्दीच्या सेवेसाठी आठवले जातात. नाशिकच्या सिंहस्थातही त्यांना बोलावले जाईल आणि ते जातीलही. त्यातल्या सज्ञान, प्रशिक्षण झालेल्या दोघांना वर्षातून एक रात्र शेजारच्या शाळेच्या पथकासाठी मागितले, तर मुख्य स्काऊट मास्तरला हात मिळेल आणि रोव्हरलाही गर्दी आवरण्यापलीकडे काही शिकता येईल.


एक पालक :

रोव्हर चालतील, परंतु त्यांची नावे आणि संपर्क क्रमांक आधी कळावेत, आणि ते प्रशिक्षित शिक्षकांच्या जागी नव्हे तर त्यांच्या जोडीला असावेत. तसेच पालकांपैकी काही जण दुसरे प्रौढ म्हणून येऊ शकतील का? माझे पती तयार आहेत. त्यांना बालसंरक्षणाचे प्रशिक्षण घ्यावे लागणार असेल तर घेतील. आम्हाला कोणी विचारतच नाही. आमच्याकडे येतो तो केवळ सहीचा कागद.


सह्यकडा :

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेतून माझ्या शाळेपुरते जे ठरवले आहे ते लिहितो, म्हणजे त्यातली भोके तुम्हाला दाखवता येतील.

निवृत्त सरांची मैदानाची सूचना मी स्वीकारतो, जरा नाराजीनेच. मैदानावर पाणवठा शोधावा लागत नाही, मार्गखुणा लावून लपवाछपवी करता येत नाही आणि भिंतीपलीकडे वडापावची गाडी असताना बिनभांड्याच्या स्वयंपाकाला कितपत जोर येईल, याची मला शंका आहे. तरीही ओल्या मातीत लिंपून निखाऱ्यात पुरलेले बटाटे आणि काठीला गुंडाळून भाजलेली कणीक मैदानावरही होते, आणि रात्री दोन वाजता राखणीची पाळी बदलताना शेजारच्याला उठवण्याचा प्रसंग मैदानावरही येतो. त्या दिवशी दुपारनंतर गाडीवाल्यांना विनंती करून पाहीन.

संमतिपत्रातले ते ठळक वाक्य काढून टाकण्याचा प्रस्ताव मी जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवणार आहे. त्याऐवजी दोन पानांचे माहितीपत्रक असेल : तंबूंची मांडणी, हजर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे नाव आणि क्रमांक, जवळचे रुग्णालय, जेवणाचा बेत, मुलाची औषधे आणि ॲलर्जी, तसेच पालकांनी केव्हाही येऊन पाहावे असे स्पष्ट निमंत्रण. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीतील पालक प्रतिनिधींना ते आधी वाचायला देईन. पालक ताईंच्या पतींसारखे आमच्याकडेही कोणी निघाले, तर त्यांचे प्रशिक्षण दिवाळीपूर्वी पूर्ण करून घेता येईल.

ताडपत्री आणि दोर यांचा खर्च ‘खरी कमाई’तून, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याच्या उपक्रमातून उभा करण्याचा विचार आहे. गेल्या खेपेला मुलांनी भेळेचे दुकान लावले होते आणि आलेली रक्कम ट्रॉफी-प्रमाणपत्रांत गेली, त्याचे मला वाईट वाटते. स्वतः कमावलेल्या ताडपत्रीला मूल चाकू लावत नाही.

लोहमार्ग दादांचे बाहेरच्या स्काऊटरच्या पत्राचे म्हणणे मात्र एका शाळेच्या हातातले नाही. जिल्हा पातळीवरच्या बैठकीत ते मांडीन, पण तिथे तृतीय सोपानाची संख्या घटेल या भीतीने विरोध होईल असा माझा अंदाज आहे.


गाईडर जुई :

सर, तुमच्या यादीत राखणीचे प्रौढ दिसत नाहीत. मुले पाळीपाळीने राखण करतील, ते ठीकच आहे, परंतु त्या प्रत्येक पाळीला एक जागा प्रौढ हवा आणि तोच माणूस रात्रभर नको. पहाटे चारला डुलक्या घेणारा प्रौढ असून नसल्यासारखा. त्यासाठी किमान चार जण लागतील, म्हणजे दोन प्रौढांचा नियम झोपेच्या वेळी चारांचा होतो. तुमच्या शाळेत गाईड पथक असेल तर मुलींचा मुक्काम त्याच रात्री, पण इमारतीच्या दुसऱ्या बाजूला आणि पूर्णपणे गाईडरांच्या देखरेखीखाली ठेवा. शेकोटी तेवढी एकत्र करा. मैदानाच्या त्या बाजूच्या स्वच्छतागृहांचे दिवे आणि कड्या या महिन्यातच तपासून घ्या, कारण शाळेत दुरुस्तीला परवानगी मिळेपर्यंत डिसेंबर उजाडतो.